बॉल दर आठवड्याला फुटतोय आणि तुकडे सापडत नाहीत? आधी हे तपासा

कुत्रा पाळलेल्या बहुतेक घरांत तक्रार एकाच चालीची असते. नवा बॉल आणला, चार दिवस मजेत गेले, पाचव्या दिवशी सोफ्याखाली त्याची अर्धी वाटी सापडली. उरलेली अर्धी कुठे गेली, कुणालाच पत्ता नाही. मग 'न फुटणारा' म्हणून दगडासारखा कडक बॉल येतो. तो फुटत नाही, पण काही महिन्यांनी वरच्या दाढेचा टवका उडालेला दिसतो. मग दोरीचं खेळणं येतं आणि आठवड्याभरात शीमध्ये दोरे दिसायला लागतात. पैसे जातातच, शिवाय प्रत्येक वेळी पोटात नेमकं काय गेलं याची धास्ती राहते.

या चक्राचं मूळ बहुतेक वेळा बॉलच्या मजबुतीत नसतं. फेकून आणायचं खेळणं आणि चघळायचं खेळणं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फेकायचा बॉल तोंडात काही सेकंद धरण्यापुरता केलेला असतो. तो खेळ संपल्यावर घरात लोळत राहिला, की कुत्रा दुपारभर तो दाढेखाली घेऊन बसतो, आणि तिथे कुठलाच बॉल टिकत नाही. तेव्हा पहिला बदल फुकटातला आहे: मैदानावरून परतताना बॉल तुमच्या खिशात आणि घरी आल्यावर कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा खुंटीवर. एवढं करूनही बॉल फुटत असेल तर पुढचं वाचा.

आधी तुकडे जुळवा

फुटलेला बॉल लगेच कचऱ्यात टाकू नका. वर्तमानपत्र पसरा, तुकडे पुसून वाळवा आणि फुटलेलं मडकं जुळवावं तसे एकमेकांना लावून बघा. कुठे काय तुटलंय यावरून कारण कळतं.

टेनिस बॉल जोडावर सरळ दोन वाट्यांमध्ये उकलला असेल, तर तो दाढांमध्ये दाबला गेलाय. या बॉलचा गाभा रबराच्या दोन अर्ध्या वाट्या चिकटवून करतात, आणि सतत दाबलं की तो जोड आधी सुटतो. धावताना तोंडात धरल्याने असं होत नाही. म्हणजे कुणीतरी बॉल त्याच्यापाशी सोडून दिलाय.

वरची लव सोललेली आणि आतलं रबर शाबूत असेल, तर पुढच्या बारीक दातांनी कुरतडणं चाललंय. हा कंटाळ्याचा उद्योग. सोललेली लव बहुधा गिळली जाते.

गोल, स्वच्छ भोकं दिसली तर ते सुळ्यांचं काम. इथे दोष बॉलच्या पातळ भिंतीचा आहे, त्याच मापाचा जाड भिंतीचा बॉल घ्या.

तुकड्यांना धारदार कोपरे असतील तर बॉल कडक प्लास्टिकचा तरी आहे किंवा रबर वाळून ठिसूळ झालंय. उन्हाच्या गॅलरीत पडून राहिलेल्या रबरी बॉलला आधी बारीक भेगा पडतात. बॉल दोन्ही अंगठ्यांनी दाबा, भेगा उघडताना दिसतात. असा बॉल वरून धडधाकट दिसला तरी त्याचं आयुष्य संपलेलं असतं.

आता गेलं किती ते मोजा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तसाच नवा बॉल ठेवा, मग वाळवलेले तुकडे ठेवा. नियमाप्रमाणे बनलेला टेनिस बॉल 56 ते 59.4 ग्रॅम भरतो. लव थोडी झिजलेली असते, त्यामुळे दोन-तीन ग्रॅमच्या फरकाने घाबरू नका. पण जुळवताना रबराचा नाण्याएवढा किंवा त्याहून मोठा तुकडा कमी पडत असेल, तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. पहिल्या तास-दोन तासांत उपाय सोपे असतात, कारण तुकडा अजून पोटातच असतो, आतड्यात उतरलेला नसतो.

माप: सगळ्यात धोक्याची चूक

फुटणारा बॉल महाग पडतो, पण लहान बॉल जीव घेतो. टेनिस बॉलचा व्यास 6.54 ते 6.86 सेंटीमीटर असतो. लॅब्रेडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांच्या जबड्यात तो दबून चपटा होतो, मागे सरकतो आणि घशाशी पुन्हा फुगतो. लाळेने बुळबुळीत झालेली ती गोल वस्तू हाताने धरता येत नाही.

माप बघायची पद्धत अशी. कुत्र्याने बॉल तोंडात धरला असताना समोरून पाहा. बॉलचा निम्म्याच्या आसपास भाग सुळ्यांच्या पुढे, बाहेर दिसला पाहिजे. सुळ्यांच्या मागे पूर्ण नाहीसा होत असेल तर तो बॉल त्या कुत्र्यासाठी नाही. दुसरी चाचणी दुकानातच करा: बॉल दोन हातांत जोर लावून दाबा. दाबल्यावर जेवढी जाडी उरते तेच त्याचं खरं माप धरा, कारण घशात तो तेवढा होऊन जातो.

अंदाज म्हणून सांगायचं तर 10 किलोपर्यंतच्या कुत्र्याला साधारण 5 सेंटीमीटर, 10 ते 20 किलोला 6.5, 20 ते 35 किलोला 7.5, आणि त्यापुढे 9 सेंटीमीटर किंवा मोठा. वजन आणि जबडा यांचं गणित नेहमी जुळत नाही. मुधोळ किंवा कारवानचं तोंड लांब आणि अरुंद, बीगलचं वजनाच्या मानाने मोठं, पगचं आखूड आणि रुंद. दोन मापांच्या मधे अडलात तर मोठंच घ्या. दुकानात व्यास मोजायला काही नसेल तर बॉलभोवती दोरा गुंडाळा: परीघ 15.7 सेंटीमीटर आला तर व्यास 5, साडेतेवीस आला तर 7.5, आणि 28 च्या पुढे गेला तर 9.

घरात लहान-मोठे दोन कुत्रे असतील तर लहान्याचा बॉल मोठ्याच्या समोर कधीही येऊ द्यायचा नाही. पॉमेरेनियनला योग्य असलेला बॉल लॅबसाठी सरळ घशात बसणारा बूच असतो. दोघं एकत्र खेळत असतील तर मोठ्याच्या मापाचं असं काहीतरी घ्या जे लहान्यालाही उचलता येईल: मऊ रबराची कडी, किंवा कॅनव्हासचा लांबट डमी (फेकून आणायला शिकवताना वापरतात ती छोट्या लोडासारखी वस्तू).

मोठ्या जबड्याच्या कुत्र्यासाठी तर बॉलचा हट्टच सोडून द्यावा, असं आमचं ठाम मत आहे. 20 ते 25 सेंटीमीटर लांब आणि 5 सेंटीमीटर जाड कॅनव्हासचा डमी घशात जाऊ शकत नाही, पाण्यावर तरंगतो, दातांना मऊ लागतो आणि दोरीने धरून लांब फेकता येतो. कुत्रा तो मधोमध धरायलाही लवकर शिकतो.

गल्लीतले बॉल

पुण्यात कुत्र्याच्या तोंडात पडणारे बरेच बॉल दुकानातले नसतातच. ते सोसायटीच्या पार्किंगमधले किंवा मैदानाच्या कडेच्या झुडपात हरवलेले असतात.

पोरांचा साधा रबरी बॉल सगळ्यात वाईट. तो टेनिस बॉलपेक्षा लहान, गुळगुळीत आणि प्रचंड उसळणारा असतो. उसळून वर आलेला बॉल कुत्रा हवेत झेलतो, तेव्हा तोंड पूर्ण उघडं आणि मान वर असते. बॉल दातांना न लागता थेट घशावर येतो. 

लेदरचा सीझन बॉल 155.9 ते 163 ग्रॅमचा आणि कडक. हवेतून आलेला झेलला तर दात तुटू शकतो. झेलला नाही तरी कुत्रा शिवण उसवतो, आणि आत कॉर्कभोवती घट्ट गुंडाळलेला दोरा असतो. तो मीटरच्या मीटर निघतो आणि शेवयांसारखा गिळला जातो. पोटात गेलेल्या लांब दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं आणि बाकीचा आतड्यात पुढे सरकत राहतो. नाडी ओढल्यावर लेंग्याला चुण्या पडतात तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं, आणि दोरा त्याच्या भिंतीला कापत जातो. दोरीच्या खेळण्यांबद्दलही हीच भीती आहे. गाठीचे दोरे सुटायला लागले की ते खेळणं बाद.

हेवी टेनिस बॉल नेहमीच्या टेनिस बॉलपेक्षा जड असतो आणि झेलताना दातांना जोरात लागतो. पोकळ प्लास्टिकचा बॉल पहिल्याच चाव्यात तडकतो आणि त्याच्या चकत्या हिरड्या कापतात. जत्रेत किंवा सिग्नलला मिळणारा, आपटला की लुकलुकणारा बॉल घरात आणूच नका. त्यात बटणासारखा सेल असतो, आणि तो अन्ननलिकेत अडकला तर तासा-दोन तासांत भाजल्यासारखी खोल जखम करतो. शिट्टीच्या बॉलमधली शिट्टी कुत्रा शेवटी काढतोच, तेव्हा खेळताना नजर हवी.

एका भोकाचा पोकळ बॉलही टाळा. चाटताना जीभ आत जाते, आत निर्वात तयार होतं, जीभ सुजते आणि बाहेर निघत नाही. 2008 मध्ये अमेरिकेत अशाच एका भोकाचा बॉल बाजारातून परत घ्यावा लागला होता. आरपार दोन भोकं असली की हवा खेळती राहते.

बॉल फुटत नाही, पण दात झिजताहेत

हा दोष उशिरा दिसतो म्हणून जास्त नुकसान करतो. टेनिस बॉलची लव धूळ धरून ठेवते. तळजाईच्या किंवा वेताळ टेकडीच्या मुरमात दहा वेळा लोळलेला, लाळेने ओला झालेला बॉल म्हणजे पॉलिश पेपरच. रोज वीस मिनिटं तो तोंडात घुमवला तर सुळ्यांची टोकं सपाट होत जातात.

महिन्यातून एकदा ओठ वर करून चांगल्या उजेडात दात बघा. टोक सपाट झालंय आणि मधोमध गुळगुळीत तपकिरी ठिपका आहे, तर झीज हळूहळू झाली आहे आणि दाताने आतून नवा थर घातलाय. खेळणं बदला, पुढे झीज थांबते. ठिपका काळा किंवा लालसर असेल आणि खोलगट वाटत असेल, तर दाताची नस उघडी पडली असण्याची शक्यता आहे. हे दुखतं. कुत्री हे दुखणं दाखवत नाहीत, जेवतही राहतात. डॉक्टरांकडून दात तपासून घ्या.

कडकपणाची चाचणी सोपी आहे. खेळण्यावर अंगठ्याचं नख दाबा. खूण उठली पाहिजे. नख घसरत असेल तर ते दातापेक्षा कडक आहे असं समजा. हाडं, शिंगं, कडक नायलॉन आणि अर्थातच दगड या चाचणीत नापास होतात. तुटते ती बहुतेक वेळा वरच्या जबड्यातली मोठी कात्रीसारखी दाढ, आणि तिचा टवका बाहेरच्या बाजूने उभा उडतो. तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात पडत असतात, त्यांना तर कडक काहीच देऊ नका.

टेकडीवर हाताला लागेल ते फेकणं

बॉल घरी विसरला म्हणून काठी उचलली जाते. फेकलेली काठी कधी कधी टोकावर जमिनीत रुतते आणि कुत्रा वेगात येऊन तोंड उघडून तिच्यावरच आदळतो. जिभेखाली, टाळूत किंवा घशाच्या मागच्या भिंतीत ती घुसते. बाहेरून रक्ताचे दोन थेंब दिसतात आणि कुसळाएवढा तुकडा आत राहतो. काही आठवड्यांनी मानेला गळू येतं, तोवर काठीची आठवणही राहिलेली नसते.

शिवाय लाकूड कशाचं आहे हाही प्रश्न आहे. टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही. त्याची साल, पानं, बिया उंदरांना मारायला वापरत आले आहेत. बंगल्यांच्या कुंपणाला आणि रस्त्याच्या दुभाजकांवर असलेल्या कण्हेरीचा प्रत्येक भाग हृदयावर परिणाम करणारा विषारी आहे, वाळलेली फांदीसुद्धा. तसंच बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. तिची कोनदार फळं जमिनीवर पडलेली असतात, मुलं ती खेळायला घेतात आणि कुत्र्यासमोर टाकतात. यातलं काही चावल्यावर उलट्या, लाळ, सुस्ती दिसली तर पानाचा किंवा फळाचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे धाव घ्या.

पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर आणि खडकवासल्याच्या भिंतीजवळ खाऊन फेकलेली मक्याची कणसं असतात, उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी. दोन्ही कुत्र्यांना खेळणं वाटतात, आणि दोन्ही पचत नाहीत. कणसाचा कापलेला तुकडा पोटात कित्येक दिवस शांत पडून राहू शकतो आणि मग एके दिवशी लहान आतड्यात बुचासारखा बसतो. अशा जागी कुत्रा पट्ट्यावरच ठेवा.

ऑक्टोबरपासून गवत वाळायला लागलं की कुसळांचा मोसम. लवेचे आणि कापडी बॉल कुसळं गोळा करून थेट हिरड्यांपाशी पोचवतात. या दिवसांत गुळगुळीत रबराचा बॉल किंवा कडी वापरा आणि घरी आल्यावर तोंड, बोटांमधल्या फटी आणि कान तपासा.

रंगाचाही इथे संबंध येतो. कुत्र्यांना निळा आणि पिवळा चांगला दिसतो, लाल आणि हिरवा जवळजवळ एकसारखे. पावसाळ्यातल्या हिरव्या टेकडीवर आपल्याला उठून दिसणारा लाल किंवा केशरी बॉल त्याच्यासाठी गवतात विरघळलेला असतो. तो सापडला नाही की कुत्रा समोर दिसेल ते उचलतो: दगड, काठी, प्लास्टिकची बाटली. डिसेंबरनंतरच्या पिवळ्या गवतात पिवळा बॉल असाच हरवतो. निळा घ्या, बाराही महिने चालतो.

बॉल आणतो, पण सोडत नाही

गिळण्याच्या घटनांमागे हे कारण असतं आणि ते कुणी धरत नाही. कुत्रा बॉल घेऊन पळतो, घरातली माणसं मागे लागतात, कोपऱ्यात गाठून जबडा उघडायला बघतात. दोन-चार वेळा असं झालं की त्याला एकच उपाय कळतो: हातात द्यायच्या आधी गिळून टाकायचं. मोजे, सुपारी, शाळेचा खोडरबर, सगळं याच सवयीने पोटात जातं.

उपाय म्हणजे अदलाबदल. अगदी एकसारखे दोन बॉल घ्या, रंगही एकच. पहिला फेका. तो घेऊन आला की मागे लागू नका, हात पुढे करू नका, जागेवर उभे राहून दुसरा बॉल एका हातातून दुसऱ्या हातात खेळवत राहा. त्याचं तोंड आपोआप उघडेल. बॉल जमिनीला लागला त्याच क्षणी 'सोड' म्हणा आणि दुसरा लगेच फेका. आधी शब्द, मग कृती असं सुरुवातीला करू नका. त्याला शब्दाचा अर्थ अजून माहीत नसतो आणि तुम्ही ओरडत राहता. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, आठवडा-दोन आठवडे. नंतर शब्द आधी म्हणून बघा.

बॉलची अदलाबदल चालत नसेल तर पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा नाकाशी धरा. तोंड उघडलं की तुकडा द्या, आणि बॉलही लगेच परत द्या. दिल्यावर परत मिळतं हे एकदा पटलं की ओढाताण संपते. बॉल काढून घेऊन खेळ संपवायचा तो अगदी शेवटीच, आणि त्या वेळी बदल्यात चघळायला काहीतरी द्या. तोंडाला काम हवंच असतं. गाभ्यात दही-भात भरून गोठवलेली पोकळ रबरी खेळणी, दोन भोकांची, यासाठी चांगली.

गुरगुरत असेल तर मात्र हे घरच्या घरी सोडवायला जाऊ नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. शिक्षा न करता शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची मदत घ्या.

फेकताना

योग्य बॉलही चुकीचा फेकला तर घातक होतो. कुत्र्याच्या तोंडाच्या दिशेने कधीच फेकू नका. त्याच्यापासून लांब, खालून, घरंगळत जाईल असा टाका. म्हणजे तो मागून येऊन खाली मान घालून बॉल उचलेल. उंच उसळवला की तो उडी मारून, हवेत वळून, मागच्या दोन पायांवर उतरतो, आणि गुडघ्यातला लिगामेंट तिथेच तुटतो. फ्रिस्बी मऊ घ्या आणि कमरेच्या खाली ठेवा. वाढ पूर्ण न झालेल्या पिल्लाला, मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत, उड्या आणि करकचून ब्रेक लावायला लावणारा खेळ नको.

सोसायटीचे पेव्हर ब्लॉक आणि पार्किंगची फरशी यांवर पाय घसरतात. मातीच बरी. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत खेळ आटपा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्यावर पंजेही नकोत. बॉलवेडा कुत्रा दमला तरी थांबत नाही, थांबवायचं तुम्हालाच आहे. जीभ रुंद होऊन बाजूला लोंबायला लागली की खेळ बंद. धडपडत चालणं, उलटी, गडद लाल हिरड्या दिसल्या तर सावलीत नेऊन अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तसंच गाडीत घालून दवाखाना गाठा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो उष्णता कोंडतो.

विकत घेताना

मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण तो आदेश 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा आहे. कुत्र्याच्या खेळण्यावर 'नॉन-टॉक्सिक' छापलेलं असेल तर तो बनवणाऱ्याचा शब्द, एवढंच. म्हणून नाकाने तपासा: पाकीट उघडताच रॉकेलसारखा किंवा नव्या रेनकोटसारखा वास आला तर परत करा. ओला पांढरा रुमाल जोरात घासा, रंग उतरला तर परत करा. तुळशीबागेतली मऊ बाहुली स्वस्त पडते, पण तिचे बटणांचे डोळे आणि पोटातले थर्माकोलचे दाणे कुत्र्यासाठी नाहीत.

एकाच वेळी तीन सारखे घ्या. दोन खेळायला, एक कपाटात कोरा, तुलनेसाठी. साबणाच्या पाण्याने धुवा, फिनाईल नको. सावलीत वाळवा.

घशात अडकला तर

आवाज येत नाही, पंजाने तोंड ओरबाडतोय, हिरड्या निळसर पडताहेत: वेळ मिनिटांचा आहे. समोरून बोटं घालून बॉल पकडायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. कुत्र्याला पाठीवर किंवा कुशीवर झोपवा. दुसऱ्या माणसाने जबडा उघडा धरावा. तुम्ही गळ्यावर बाहेरून, जबड्याच्या खाली बॉल चाचपा. दोन्ही अंगठे बॉलच्या छातीकडच्या बाजूला ठेवा आणि तोंडाच्या दिशेने ढकला. निघाला नाही तर शेवटच्या बरगडीमागे पोटावर मूठ ठेवून आत आणि पुढे असे पाच झटके द्या, पुन्हा तोंडात बघा. लहान कुत्र्याला मागच्या पायांनी धरून डोकं खाली करता येतं. हे करत असतानाच कुणीतरी गाडी काढावी. बॉल निघाला तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा, कारण घसा नंतर सुजतो आणि फुफ्फुसात पाणी होऊ शकतं.

तुकडा गिळला असेल तर मिठाचं पाणी, एरंडेल, तूप यांतलं काही पाजू नका. पुन्हा पुन्हा उलटी, अन्नावर वासना नाही, शी नाही, पाठ कमानीसारखी, पुढचे पाय खाली आणि ढुंगण वर अशी बसण्याची तऱ्हा: हे आतड्यात अडकल्याचं लक्षण आहे. शीच्या जागी दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, फार लांब असेल तर कापा.

डॉक्टरांकडे जाताना उरलेले तुकडे पिशवीत घाला आणि कपाटातला कोरा बॉलही बरोबर न्या. रबर आणि कापड एक्स-रेमध्ये नेहमी दिसत नाही, सोनोग्राफी करावी लागते. काय शोधायचंय, केवढं शोधायचंय, हे त्या दोन गोष्टी टेबलावर ठेवल्या की लगेच कळतं.